तुषारीला कुठल्याच सरांनी शिकवलं नाही

कोलंबोजवळ, पन्नीपिटियाच्या आमच्या गल्लीत कोण हुशार आणि कोण वाया गेलेलं, हे रविवारी सकाळी साडेसहाला ठरतं. ज्या फाटकातून कुणीतरी हातात फाइल, काखेत पाण्याची बाटली आणि डोळ्यांत अर्धी झोप घेऊन क्लासला निघतं, त्या घराचं बरं चाललंय. जे फाटक बंद, तिथे काहीतरी बिनसलंय. मी शिवणयंत्र मुद्दाम खिडकीशी ठेवलंय असं लोक म्हणतात. उजेडासाठी ठेवलंय. आता उजेडाबरोबर बाकीचंही दिसतं, त्याला मी काय करू?

समोरच्या विरक्कोडींचं फाटक दोन वर्षं रविवारी बंद होतं, आणि तरीही आतली बाई लंडनची परीक्षा देत होती. हे कुणाच्या पचनी पडेना. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू?

आतली बाई म्हणजे तुषारी. वय सदतीस, लग्न नाही, चष्मा जाड, चाल अशी की रस्ता तिने विकत घेतलाय. रत्मलानाच्या कपड्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं एकाच खुर्चीवर. तिचं काम काय, तर एक शर्ट शिवायला किती मिनिटं लागतील, किती कापड जाईल, किती वाया जाईल, आणि शेवटी तो शर्ट कारखान्याला केवढ्याला पडेल हे सांगायचं. तिला शर्ट दिसतच नाही, मिनिटं दिसतात. माझ्या मुलाच्या लग्नात सगळ्या बायका नवरीच्या रूपाबद्दल बोलत होत्या, तर ही माझ्या कानाशी येऊन म्हणते, "अक्का, त्या झालरीला चाळीस मिनिटं गेली असणार. तुम्हाला लुटलं."

या चौदा वर्षांत तिच्या डोक्यावर तीन साहेब आले. तिघेही पंचविशीचे, तिघांच्याही नावापुढे परीक्षेची अक्षरं. तिघांनाही बाहीत आणि कफात मिनिटांचा काय फरक असतो हे तुषारीने शिकवलं. शिकून झालं की ते तिला "मिस विरक्कोडी, जरा ते कागद आणा" म्हणायला लागत. तिसऱ्याने असं म्हटलं त्या संध्याकाळी ती घरी आली, चपला अंगणात भिरकावल्या आणि आईला म्हणाली, "अम्मा, मी मॅनेजमेंट अकाउंटंट होणार."

लीलावती अम्मा तेव्हा माझ्याबरोबर ओट्यावर नारळ खवत बसली होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो आमच्याकडे कुणीही विचारला असता.

"कुठल्या सरांकडे?"

आमच्याकडे विषय शिकत नाहीत, सर निवडतात. अर्थशास्त्र कठीण आहे का, हे कुणी विचारत नाही. अर्थशास्त्राला सर कोण, ते विचारतात. सर चांगले असले की विषय आपोआप सोपा होतो अशी समजूत आहे. तुषारी म्हणाली, "कुठल्याच नाही." अम्माच्या हातातली नारळाची वाटी ताटात पडली.

दुसऱ्या दिवशी देहिवळाहून उपुल हजर. उपुल म्हणजे तुषारीचा मोठा भाऊ, तिचा 'अय्या'. वीस वर्षांपूर्वी नुगेगोडाच्या प्रियंत सरांच्या क्लासला जाऊन त्याने हीच परीक्षा दिली, सगळे पेपर सुटले. पुढे अनुभवाचे कागद भरून पाठवले की सभासदत्व मिळतं, ते कागद भरायला मात्र त्याला अजून सवड झालेली नाही. त्यामुळे तो 'पास्ड फायनलिस्ट'. लग्नाच्या जाहिरातीत हेच होतं, त्याच्या कार्डावर हेच आहे, आणि मला वाटतं त्याच्या थडग्यावरही हेच कोरतील.

"हे बघ," उपुल खुर्चीत रेलून म्हणाला, "दोन रस्ते आहेत. पहिला माणसांचा. एकेक विषयाचा पेपर, एकेक पेपरला क्लास, आणि तीन पायऱ्यांवर तीन मोठ्या परीक्षा. मी गेलो तो."

"आणि दुसरा?"

"दुसरा आळशांचा. घरी बसून कॉम्प्युटरवर धडे, तिथल्या तिथे चाचण्या, मधले पेपर नाहीत. नुसत्या तीन मोठ्या परीक्षा."

"मोठ्या परीक्षा दोन्हींकडे त्याच ना?"

"त्याच."

"प्रमाणपत्र?"

"तेच. पण लोक म्हणतील मागच्या दाराने आली."

"अय्या, मी सहा वाजता उठते, दोन बस बदलते, दिवसभर मिनिटं मोजते, सात वाजता घरी येते. रविवारी पुन्हा बस पकडून चारशे पोरांत बसून, मी ज्याच्यावर चौदा वर्षं पोट भरतेय ते सरांच्या माइकवरून ऐकू? मला दुसरा रस्ता पाहिजे."

"तुला इंग्रजीत एक पत्र धड लिहिता येत नाही!"

"तर ते शिकेन. पण पत्रासाठी सर नको."

उपुलने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे, मी छताकडे. छतावर पाल होती, तिचंही काही मत दिसेना.

शेवटी तुषारीनेच तोडलं. "ऐक. तीन मोठ्या परीक्षा. त्यातल्या एकीतही मी दोनदा नापास झाले, तर तुझ्या प्रियंत सरांच्या पहिल्या बाकावर जाऊन बसेन आणि जन्मभर तोंड उघडणार नाही. तोवर माझा रस्ता मी ठरवणार. त्यात कुणी पाय घालायचा नाही."

"लिहून दे," उपुल म्हणाला.

"तू आधी तुझे कागद भरून दे," ती म्हणाली.

मी चहा घेतला आणि निघाले, कारण हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर लीलावती अम्माचे हाल सुरू झाले. रविवारी लेक घरात, फाटक बंद, आणि शेजारणी विचारणार. पहिल्या महिन्यात तिने सांगितलं, पोरीला ताप आहे. दुसऱ्या महिन्यात, सर परदेशी गेलेत. तिसऱ्या महिन्यात ती तुषारीला म्हणाली, आणि हे मी खिडकीतून स्पष्ट ऐकलं, "नुसती फाइल घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन ये गं. मागच्या बोळातून परत आलीस तरी चालेल."

"अम्मा, मी चोर आहे का?"

"लोक काय म्हणतात माहितेय? तुझं डोकं चाललं नाही म्हणून तू सोडलंस म्हणतात."

"कोण म्हणतं?"

यावर अम्माने बोट खिडकीच्या दिशेने केलं. मी पटकन मशीन चालू केलं.

तर अशा तऱ्हेने, बंद फाटकाआड, तुषारीने पहिली मोठी परीक्षा दिली आणि पास झाली. दुसरीतही पास. गल्लीला पत्ताच नाही. क्लासचा निकाल असता तर कुणीतरी पेढे नाहीतर केक वाटत आलं असतं. घरात बसून मिळवलेल्या निकालाला आवाज नसतो. तुषारीला आवाज नकोच होता. तिच्या डोळ्यांपुढे एकच होतं, तिसरी आणि शेवटची.

तिसरीत ती नापास झाली.

उपुल निकालानंतरच्या पहिल्याच रविवारी आला, हातात प्रियंत सरांच्या क्लासचा फॉर्म आणि सोबत 'येणारे प्रश्न' असं छापलेला गठ्ठा. शेवटच्या परीक्षेत एका काल्पनिक कंपनीची माहिती आधीच हातात देतात. परीक्षेच्या दिवशी त्या कंपनीत काहीतरी घडतं आणि तुम्ही तिचे वरिष्ठ अधिकारी आहात असं समजून लिहायचं. सरांचा गठ्ठा म्हणजे काय घडेल याचं भाकीत.

"एकदा झालं," उपुल म्हणाला. "दुसऱ्यांदा कशाला लाज घालवतेस? आत्ताच ये."

"अजून एक संधी माझी आहे."

"गठ्ठा तरी ठेव."

"नेऊन टाक."

"तुषारी, हट्ट आणि अक्कल यांत फरक असतो."

"असतो ना. म्हणून तर हट्ट मी करतेय."

तो फॉर्म टेबलावर ठेवून गेला. ती उठली, फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने किराण्याची यादी केली आणि दुकानात गेली. हेही मी खिडकीतून पाहिलं. पण परत येताना तिचा चेहरा उतरलेला होता. हट्ट असला म्हणून माणसाला भीती वाटत नाही असं थोडंच आहे.

त्या दुपारी ती माझ्याकडे आली. मी एका शाळेचे गणवेश शिवत होते. ती जमिनीवर बसली आणि सरावाला लिहिलेली उत्तरं मला सिंहलमध्ये उलगडून सांगायला लागली. मला हिशेबातलं काही कळत नाही, पण पत्रातलं कळतं. एका उत्तरात कंपनीच्या साहेबाने विचारलेलं, नवा कारखाना घ्यावा का? तुषारीने पानभर आकडे दिलेले, अगदी सुईच्या टोकापर्यंत. आणि शेवटी लिहिलेलं: 'सर, ही माहिती आपल्या विचारासाठी सादर करीत आहे. आपण योग्य तो निर्णय घ्यालच.'

दुसऱ्या उत्तराचा शेवट, 'अंतिम निर्णय आपल्या अनुभवावर सोपवते.' तिसऱ्याचा, 'चूकभूल असल्यास क्षमा असावी.'

मला हसू फुटलं. "अगं, हे साहेबाला पत्र आहे की बुद्धापुढे ठेवायचं फुलांचं ताट?"

"म्हणजे?"

"त्याने विचारलं घ्यावा का, तू म्हणालीस बघा बुवा. हे ऐकायला तो तुला पगार देईल?"

तिने तो कागद पुन्हा वाचला.  मग म्हणाली, "साहेबाला 'असं करा' कसं सांगायचं, अक्का?"

ही गोष्ट आमच्या लोकांनाच समजेल. आपल्याकडे साहेबाला चूक दाखवायची तर आधी तीनदा 'सर' म्हणायचं, मग खोकायचं, मग दुसऱ्या कुणाकडून तरी निरोप पाठवायचा. इतकी वर्षं तुषारीने हेच केलेलं. घरात सगळ्यांशी भांडणारी ही बाई ऑफिसचं दार ओलांडलं की फुलांचं ताट व्हायची. आणि परीक्षेत नेमकं तेच मागत होते जे तिला कुणी कधी करू दिलं नाही. सल्ला द्या. तुमचं मत काय ते सांगा. ते का, तेही सांगा.

"कसं सांगायचं म्हणजे?" मी म्हटलं. "आईला सांगतेस तसं."

झालं. मी काय बोलून बसले ते मला दुसऱ्या दिवसापासून कळायला लागलं. पहिला सल्ला माझ्याच डोक्यावर. एक कागद माझ्या मशीनवर: 'श्रीयानी अक्का, मी सुचवते की आपण शाळेचे गणवेश शिवणं बंद करावं. कारण एक. त्यांच्या वेळात लग्नाचे ब्लाउज तुमच्याकडून परत जातात. कारण दोन. शाळा तुम्हाला उशिरा पैसे देते आणि वर टोमणे मारते.' मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेला नाही म्हणून कळवलं. अजून बरं वाटतंय.

मग वेसाक आला, म्हणजे बुद्धपौर्णिमा. आमच्या गल्लीचं दानसल दरवर्षी असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट खाऊ घालायचं. समितीचे अध्यक्ष रणवीर अंकल, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचा बेत भात, तीन भाज्या, पापड, पायसम. बैठकीत तुषारी उभी राहिली.

"अंकल, मी सुचवते की फक्त उकडलेला मंजोक्का आणि मिरची-कांद्याचं लुणुमिरिस ठेवावं."

"नुसता कंद? लोक काय म्हणतील?"

"भाताला ताटं लागतात, ताटं धुवायला माणसं लागतात, माणसं आपल्याकडे अकरा. मागच्या वर्षी रांग फार्मसीपर्यंत गेली आणि अर्धे लोक उपाशी परत गेले. मंजोक्का पानावर देता येतो."

"मी बारा वर्षं दानसल चालवतोय, पोरी!"

"आणि बारा वर्षं रांग फार्मसीपर्यंत जाते."

अंकल लाल झाले.  मग कोपऱ्यातून लीलावती अम्मा, जिने आयुष्यात बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, म्हणाली, "मंजोक्का मी सोलीन." त्या वर्षी दुपारी दोन वाजेपर्यंत एकही माणूस उपाशी परत गेला नाही. अंकल अजून म्हणतात कल्पना त्यांची होती.

पण घरातल्या-गल्लीतल्या लोकांना सुनावणं वेगळं. खरी कसोटी रत्मलानाला होती. कारखान्याचे मोठे साहेब डिमेल सर. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला टोपीवाली लहान मुलांची जाकिटं हवी होती, आणि डिमेल सरांना ती ऑर्डर घ्यायचीच होती, कारण मशीनं रिकामी दिसलेली त्यांना आवडत नाहीत. तुषारीने नेहमीप्रमाणे कागद नेला. पुढचं मला तिनेच सांगितलं, आणि तिच्या टेबलाशेजारच्या पोरीनेही, म्हणजे तिखटमीठ माझं नाही.

सर कागदावर नजर टाकून म्हणाले, "ठीक. पाठवून दे गिऱ्हाइकाला."

तुषारी हलली नाही.

"आणखी काही?"

"सर, ही ऑर्डर घेऊ नका."

"काय?"

"नुसती टोपी एकोणीस मिनिटं खाते. त्या टोपीसाठी शर्टाची लाइन थांबेल, आणि शर्टाचं गिऱ्हाईक आपलं नऊ वर्षांचं आहे. टोपी काढायला सांगा, तर घ्या. नाहीतर नाही म्हणा."

"मिस विरक्कोडी, मी किंमत विचारली होती. मत नाही."

"किंमत कागदावर आहे, सर. मत मी तोंडी सांगतेय."

शेजारची पोरगी म्हणते की काचेपलीकडे सगळ्यांचे हात थांबले. डिमेल सर तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती तीन दिवस डबा उघडून न खाताच बंद करत होती. हे अम्माने सांगितलं. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं, टोपीशिवाय चालेल. डिमेल सरांनी ते पत्र तिच्या टेबलावर ठेवलं, काही न बोलता. आमच्याकडे साहेब इतकंच करतो.

पुढच्या महिन्यात ती कोलंबोला जाऊन दुसऱ्यांदा परीक्षेला बसली. तीन तास. बाहेर आली तेव्हा मी सोबतीला होते. मी विचारलं, "काय लिहिलंस?"

"कंपनीच्या मालकाला सांगितलं, धाकट्या भावाला धंद्यात घेऊ नका."

"आणि?"

"आणि का ते सांगितलं. क्षमा मागितली नाही."

निकालाची वाट बघताना त्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. उपुल रोज फोन करून विचारायचा, आला का, आणि त्याच्या आवाजावरून त्याला नेमकं काय हवंय ते त्यालाही कळत नसावं. निकाल आला एका मंगळवारी, ती कारखान्यात असताना. पास. अम्माने दुसऱ्या दिवशी किरिबत, म्हणजे नारळाच्या दुधातला भात केला, घरोघरी केळीच्या पानावर वाटला आणि प्रत्येक दारात सांगितलं, घरी बसून, कुठल्याच सरांशिवाय. सांगताना थोडी चाचरत होती, पण सांगितलं.

हे इथेच संपलं असतं तर मी एवढं लिहायला बसले नसते.

शनिवारी दुपारी तीनचाकीवाला नुवन ओरडत आला, "मिसचा फोटो चौकात लागलाय!" आम्ही गेलो. बँकेच्या भिंतीवर घराएवढा कापडी फलक. वर प्रियंत सर, हात छातीवर बांधलेले, मागे उगवता सूर्य. खाली तीन ओळींत सरांचे यशस्वी विद्यार्थी. दुसऱ्या ओळीत, मिशा फुटू लागलेल्या दोन पोरांच्या मधोमध, आमची तुषारी. खाली नाव, आणि त्याखाली 'सरांच्या मार्गदर्शनाने'.

तुषारीने उपुलला तिथूनच फोन लावला. तो अर्ध्या तासात आला, घामाघूम.

"मी फक्त फोटो दिला," तो म्हणाला. "तू पहिल्यांदा नापास झालीस ना, तेव्हा मी तुझं नाव सरांकडे घातलं होतं. फी माझी. तू आली नाहीस, पण नाव यादीत होतं. निकाल लागल्यावर सरांनी विचारलं, मी दिला. अगं, मान आहे हा! मी वीस वर्षांपूर्वी असाच फलकावर लागलो होतो तेव्हा अम्मा रडली होती."

"मी त्या क्लासात एक दिवस गेले?"

"नाही, पण..."

"त्या माणसाला मी पाहिलंय?"

"नाही."

लीलावती अम्मा माझा दंड धरून फलकाकडे बघत होती. हळूच म्हणाली, "तीन आठवडे राहू दे ना गं. कडवतहून एक स्थळ येतंय, बस याच चौकात थांबते."

तुषारीने आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता विरघळेल. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "अक्का, तुमची शिडी कुठेय?"

शिडी नुवनने आणली. कात्री मी दिली. कबूल करते, आनंदाने दिली. दुपारचे चार, चौक भरलेला, बेकरीतून लोक बाहेर आलेले. तुषारी चढली. उपुल खाली हात जोडून, "उतर! लोक बघतायत!"

"म्हणूनच रात्रीची वाट पाहिली नाही."

"सरांना काय सांगू मी?"

"मी कापलं म्हणून सांग. नाव तर त्यांच्याकडे आहेच."

"बाकीच्यांचं तरी नको बिघडवू!"

"बाकीचे त्यांचेच आहेत. मी माझ्यापुरतं नेतेय."

आणि तिने कापलं. घाई नाही, चारही बाजू सरळ, 'सरांच्या मार्गदर्शनाने'सकट. त्या दोन पोरांच्या मधून बँकेची पिवळी भिंत दिसायला लागली. बेकरीवाल्याने टाळी वाजवली, मग घाबरून थांबवली, मग नुवनने वाजवल्यावर पुन्हा वाजवली.

ती खाली उतरली तेव्हा अम्माने हात पुढे केला. "दे इकडे. फोटो छान आलाय. पेपरात द्यायला..."

"अम्मा!"

"बरं बरं. कपाटात ठेवते."

उपुल बाजूला उभा होता. त्याने शिडीचं एक टोक उचललं. तुषारीने दुसरं उचललं. मी म्हटलं, मागच्या बोळातून न्या, मुख्य रस्त्याला गर्दी आहे. तिने ऐकलं नाही. शिडी आडवी धरून दोघं भावंडं भर रस्त्याने निघाली, आणि एकशे अडतीस नंबरची बस शिडी पार होईपर्यंत हॉर्न वाजवत उभी राहिली.